व्हायोलिन वाजविणारास चार शब्द

गेल्या ज्येष्ठांत मृगाच्या पहिल्या सरी येऊन गेल्या, त्या सायंकाळीं ताम्हिणीच्या वाटेवरील एका खेड्यांतील एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलास घेऊन पौडास आमच्या ओसरीवर आले. मुलगा नुकताच बारावी उत्तीर्ण झालेला. गेलीं चार वर्षें तो दर रविवारीं आमच्याकडे व्हायोलिन शिकावयास येतो. बापानें टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, कांहीं वेळ पावसाकडे पाहिलें आणि एकदम म्हटलें, "गुरुजी, पोरगं म्हणतंय आता कालेज नको, हेच वाजवायचं. तुमी जाणतं मानूस. ह्याच्यावर पोट भरंल का, तेवढं सांगा."

प्रश्न चार शब्दांचा होता. परंतु त्याचें उत्तर त्या सायंकाळीं आमच्या तोंडून निघेना. "दसऱ्यास या, मग सांगतों," असें म्हणून आम्हीं त्यांस चहा दिला व निरोप दिला. उत्तर देण्यास आम्हांस चार महिने कां लागले, हें सांगण्यासाठींच हा लेख आहे. त्याच्या ओघांत या वाद्याविषयीं ज्या व्यवहाराच्या गोष्टी आम्ही पदरचें नुकसान सोसून शिकलों, त्याहि सांगून टाकतों. ज्या घरांत एखादें मूल व्हायोलिन शिकत आहे, त्या घरच्या आईबापांस त्यांचा उपयोग होईल, अशी आशा आहे.

प्रथम आमचा अधिकार किती, तें सांगितलें पाहिजे. आम्ही मैफलीचे वादक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक, पाठशाळेंत केलेलें थोडें संस्कृत आणि छत्तीस वर्षांची शाळामास्तरी, एवढीच आमची पुंजी. १९७९ सालीं पुण्याच्या जुन्या बाजारांत एका रविवारीं आम्हांस एक व्हायोलिन दिसलें. आंत डोकावून पाहिलें, तों चिठ्ठीवर क्रेमोना येथील जगप्रसिद्ध कारागीर स्त्रादिवारी याचें नांव! आमची छाती धडधडूं लागली. दोन महिन्यांचा पगार मोजून आम्हीं तें घरीं आणलें. पुढें आमच्या पुण्याच्या गुरुजींनीं हंसत हंसत सांगितलें कीं, स्त्रादिवारी १७३७ सालीं वारला, पण त्याच्या नांवाची चिठ्ठी जर्मनींतील कारखान्यांनीं हजारों वाद्यांत चिकटविली आहे. तेव्हां पहिला सल्ला हाच कीं, चिठ्ठी वाचूं नये, लांकूड वाचावें. वरचा तक्ता स्प्रूसचा व मागचा मेपलचा, एकसंध, न तडकलेला असावा. घोडी सरळ उभी असावी. खुंट्या फिरवितांना अडखळूं नयेत व सोडल्यावर मागें सरकूं नयेत. आंत तक्त्यांच्या मध्यें एक बारीक काठी उभी असते, ती पडलेली नाहीं ना, हें एफ-आकाराच्या छिद्रांतून पाहून घ्यावें. वरच्या रोगणाच्या चकाकीसाठीं जे पैसे द्यावयाचे, तेच चांगल्या तारांवर, चांगल्या गजावर व जाणत्या कारागिराकडून वाद्य नीट बसवून घेण्यावर खर्चावे. मुलांसाठीं पाव, अर्धें व पाऊण अशीं लहान मापें मिळतात. मुलाचा डावा हात पसरून वाद्य मानेशीं लाविलें असतां वळलेलें टोंक सहज तळहातांत यावें. हात ताणावा लागला तर माप मोठें आहे असें समजावें. "पुढें उपयोगीं पडेल" म्हणून मोठें वाद्य घेणें हें मोठ्या मापाचा जोडा घेण्यासारखें आहे. त्यानें चालच बिघडते.

वाद्य परदेशी, हें खरें. परंतु गजानें तार वाजविण्याची कल्पना आपणांस नवी नव्हती. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' रचिला, त्यांत धनुष्यानें वाजविण्याच्या पिनाकी वीणेचें वर्णन आहे. दक्षिणेंत मुथुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधु बालुस्वामी दीक्षित यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आगेंमागें व्हायोलिन कर्नाटक संगीतांत रुजविलें. आपल्याकडे गजाननबुवा जोशी (१९११–१९८७), वाईचे विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४), गोमंतकांतील श्रीधर पार्सेकर, दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) अशा मंडळींनीं त्यास रागदारीची भाषा शिकविली. मुलींस हें वाद्य झेपेल काय, असें विचारणाऱ्या मातांनीं श्रीमती एन्. राजम् यांचें वादन एकदां ऐकावें; गळ्यांतील ख्याल तारेवर कसा उतरतो, तें तेथें कळेल व शंकाहि उरणार नाहीं.

आतां वादनाकडे वळूं. पाश्चात्त्य वादक वाद्य हनुवटी व खांदा यांच्यामध्यें धरतात. आपल्या पद्धतींत मांडी घालून बसावें, उजवें पाऊल किंचित् पुढें घ्यावें, वाद्याचें वळलेलें टोंक उजव्या घोट्यावर टेकवावें आणि बूड डाव्या खांद्याखालीं छातीस लावावें. असें केलें म्हणजे वाद्याचा भार डाव्या हातावर येत नाहीं व तो मींड घेण्यास मोकळा राहतो. नवशिका विद्यार्थी अंगठ्यानें वाद्याची मान इतकी आवळतो कीं, जणूं तें पळून जाणार आहे! त्यानें मनगट दुखतें व मींड अडते. वाजवितांना दुखूं लागलें कीं थांबावें. वेदना ही साधनेची खूण नव्हे, चुकीच्या बैठकीची आहे.

गजाचें तर स्वतंत्र शास्त्र आहे. गज तारेशीं काटकोनांत, घोडी व पट्टी यांच्या मधल्या जागेंतून सरळ जावा. तो वांकडा जातो कीं काय, हें पाहण्यास पुढें आरसा ठेवावा. पाठशाळेंत आम्हांस ह्रस्व, दीर्घ व प्लुत यांच्या मात्रा हातावर मोजावयास लावीत. तेंच आम्ही गजास लावितों. प्रथम एका स्वरास एक पुरा गज, त्यास आठ मात्रा, मग बारा, मग सोळा. तंबोरा नसेल तर हल्लीं भ्रमणध्वनीवरहि तंबोऱ्याचा नाद मिळतो. तो चालू ठेवून नुसता षड्ज पंधरा मिनिटें लावावा. या वाद्यास पडदे नाहींत. पडदा कानांत असतो. त्वष्ट्यानें यज्ञांत 'इंद्रशत्रु' हा शब्द भलत्याच स्वरानें उच्चारिला आणि इंद्रास मारणारा निपजावयाच्या ऐवजीं इंद्राकडून मरणारा पुत्र निपजला, ही कथा आम्ही प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास सांगतों. मुलें हंसतात, पण गांधार उतरला कीं "गुरुजी, इंद्रशत्रु झाला!" असें स्वतःच म्हणतात.

तारा जुळविण्याचे प्रघात निरनिराळे आहेत. कोणी सा-प-सा-प अशा जुळवितात, कोणी म-सा-प-रे अशा पंचमभावानें. ज्या गुरूकडे शिकावयाचें त्याचा प्रघात धरावा आणि दर सहा महिन्यांनीं तो बदलूं नये. बंदीश आधीं गाऊन दाखवितां आली पाहिजे, मग वाजवावी. जें गळ्यांत नाहीं तें बोटांत येत नाहीं. रविवारीं सलग तीन तास बसण्यापेक्षां रोज सकाळीं व सायंकाळीं चाळीस मिनिटें बसणारा विद्यार्थी वर्षभरांत पुढें निघून जातो, हा आमचा अनुभव आहे.

आमच्या मुळशींत वाद्याचा खरा परीक्षक म्हणजे पाऊस. धरणाच्या पाण्यावरून येणारें धुकें आषाढांत घराच्या आढ्यापर्यंत शिरतें. पुस्तकांस बुरशी येते, तेथें पातळ लांकडाची काय कथा! खुंट्या फुगून घट्ट बसतात, आणि चैत्रांत हवा कोरडी झाली कीं त्याच खुंट्या सुटून तार सर्रकन् उतरते. उपाय स्वस्त आहे. घसरणाऱ्या खुंटीस खडू लावावा, अडणाऱ्या खुंटीस कोरड्या साबणाची वडी फिरवावी. शाळामास्तराच्या खिशांत खडू नेहमींच असतो, त्यामुळें या बाबतींत आमची सोय होती! वाद्य ओल्या भिंतीशीं, चुलीवरच्या माळ्यावर किंवा खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये. शंभरांत चाळीस ते साठ एवढी हवेंतील आर्द्रता त्यास मानवते. ती मोजण्याचें लहानसें यंत्र पेटींत ठेवावें. औषधांच्या डब्यांतून व जोड्यांच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या फेंकूं नयेत. पेटींत टाकाव्या व महिन्यानें बदलाव्या. वाजवून झाल्यावर तारांवरील व तक्त्यावरील राळेची पूड कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी आणि गज ढिला करूनच ठेवावा. गजाच्या केसांस बोट लावूं नये; बोटाचें तेल लागलें कीं केस तार धरीत नाहींत. तारा बदलतांना एकेक बदलावी. चारी एकदम काढल्या तर घोडी पडते, आणि तिच्यामागून आंतली काठीहि पडते.

ओलीचाच एक प्रसंग सांगतों, कारण पुढील गोष्टीशीं त्याचा संबंध आहे. १९९४ च्या श्रावणांत आमच्या व्हायोलिनच्या वरच्या तक्त्याची कड दोन बोटें उकलली. पुण्यास जाण्याचा आळस केला, आणि सुतारकामाचा पांढरा डिंक भरून आम्हीं ती कड अशी पक्की चिकटविली कीं, स्वतःच्या कारागिरीचें आम्हांस कौतुक वाटलें. पुढच्या वैशाखांत एका दुपारीं पेटींतून 'टक्' असा आवाज आला. उघडून पाहतों तों तक्ता छिद्रापासून कडेपर्यंत सरळ तडकलेला! पुण्याच्या कारागिरानें वाद्य हातांत घेतलें आणि आम्हांकडे असें पाहिलें कीं, आम्ही नापास विद्यार्थ्याकडे पाहत असूं. तो म्हणाला, "मास्तर, जुने कारागीर इथं सरस वापरतात, तो काय त्यांना डिंक माहीत नव्हता म्हणून? सरसाचा जोड लांकडापेक्षां कमजोर असतो. हवा बदलली की जोड उकलतो, पण लांकूड वांचतं. तुम्ही जोड पक्का केलात, मग लांकडाला दुसरी वाटच राहिली नाही." सरस पुन्हां गरम करून लावितां येतो, तडकलेला तक्ता पूर्वीसारखा होत नाहीं. तें व्हायोलिन दुरुस्त झालें, पण त्याच्या मंद्र तारेचा भरीवपणा गेला तो गेलाच.

आतां त्या बापाच्या प्रश्नाकडे येऊं. आमच्याकडे पूर्वीं एक विद्यार्थी होता. पिरंगुटच्या एका कारखान्यांत तो कायम नोकरीस होता व रात्रपाळी करून आला तरी रियाज चुकवीत नसे. त्याचा हात आमच्यापेक्षां चांगला होता, हें कबूल करण्यांत आम्हांस अभिमानच आहे. २०१४ सालीं त्यानें विचारिलें, "गुरुजी, नोकरी सोडूं का?" आम्हीं मागचापुढचा विचार न करतां मोठ्या तोऱ्यानें सांगितलें, "सोड. सरस्वती आपल्या उपासकास उपाशी ठेवीत नाहीं." त्यानें नोकरी सोडली. सहा वर्षें बरीं गेलीं. भावगीतांचे कार्यक्रम, लग्नांतील वादन, हिंजवडीकडच्या नव्या वसाहतींतील शिकवण्या, असें चाललें होतें. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें सर्व बंद झालें. सभागृहांस कुलुपें, लग्नांत पाहुण्यांवर मर्यादा, शिकवण्या थांबलेल्या, आणि मोटारसायकलीचे हप्ते मात्र चालू. भाद्रपदांत त्यानें व्हायोलिन विकलें. आम्हांस तें सहा महिन्यांनीं दुसऱ्याकडून कळलें. आतां तो एका गोदामांत हिशेबाचें काम करतो. आम्ही त्याच्या घरीं गेलों, तेव्हां तो एवढेंच म्हणाला, "तुमचा काय दोष, गुरुजी? तुम्ही आशीर्वादच दिला होतात." त्यानें दोष दिला असता तर आम्हांस हलकें वाटलें असतें. आम्हीं त्यास आशीर्वाद दिला होता, पण गणित सांगितलें नव्हतें. आणि आम्ही छत्तीस वर्षें गणितहि शिकविलें आहे!

म्हणून या खेपेस उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं मुलास एक वही दिली आणि त्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाठविलें. "त्यास कला विचारूं नकोस, जमाखर्च विचार," असें बजावून सांगितलें. त्यानें हातचें कांहीं राखलें नाहीं. कोणत्या महिन्यांत किती कार्यक्रम, त्यांत बिदागी किती, भाडें किती, तारांस किती गेले, सर्व आठवून लिहून दिलें. २०१८ सालच्या लग्नसराईच्या एका महिन्यांत चौदा कार्यक्रम. त्याच वर्षीं आषाढांत एक. ती वही वाचतांना मुलाचा चेहरा गंभीर झाला, परंतु त्याचें व्हायोलिन थांबलें नाहीं. तें आम्हीं लक्षांत ठेविलें.

व्यवसाय करणारांसाठीं त्या वहींतून व आमच्या अनुभवांतून निघालेल्या गोष्टी अशा. बिदागी, प्रवास, जेवण व मुक्काम आधीं ठरवावा, आणि तोंडीं नव्हे, निदान भ्रमणध्वनीवरील दोन ओळींत तरी लिहून घ्यावा. अर्धी रक्कम आगाऊ मागण्यांत लाज मानूं नये. एकदां एका उत्सवांत आम्हीं तीन तास साथ केली. शाल मिळाली, श्रीफळ मिळालें, टाळ्या मिळाल्या, आणि परतीच्या एस्. टी.चें भाडें आम्हीं तबलजीकडून उसनें घेतलें. शाल पांघरून एस्. टी.चें तिकीट मिळत नाहीं. कार्यक्रमास अर्धा तास आधीं पोंचावें, म्हणजे थंड सभागृहांतील हवेस वाद्य सरावतें. जादा तारांचा जोड व राळ जवळ ठेवावी. साथीस बसल्यावर गायकाच्या अर्धें पाऊल मागें राहावें, त्याच्या विसाव्याच्या जागींच भरावें, आणि आपली तयारी दाखविण्याचा मोह आवरावा. पुन्हां बोलावणें येतें तें तयारीस नव्हे, आवरण्यास.

आणखी एक गोष्ट. एकाच खांबावर घर उभारूं नये. मुंबईच्या चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत एके काळीं व्हायोलिनवाल्यांच्या रांगा बसत. त्यांत गोमंतकीय पुष्कळ असत, कारण त्यांस पाश्चात्त्य स्वरलिपि वाचतां येई. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले नामांकित, आणि पुढें प्रसिद्धीस आलेले संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. विद्युत्-वाद्यें व संगणक आले आणि त्या रांगा विरळ झाल्या. जे टिकले, ते एकाहून अधिक कामें जाणणारे होते. प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांनीं सुधीर फडके यांच्या गीतरामायणास साथ केली, संगीतसंयोजन केलें, चाली दिल्या आणि 'गाणारें व्हायोलिन' म्हणून स्वतंत्र वादनहि लोकप्रिय केलें. विष्णु गोविंद जोग व गजाननबुवा यांच्या तोलाच्या कलावंतांनींहि आकाशवाणीची नोकरी केली व शिष्य शिकविले. तेव्हां विद्यार्थ्यानें आपली स्वरलिपि व पाश्चात्त्य स्वरलिपि अशा दोन्ही शिकाव्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा द्यावी, म्हणजे शिकविण्याची वाट मोकळी होते. आकाशवाणीची ध्वनिपरीक्षाहि द्यावी.

खंडेनवमीस आम्हीं व्हायोलिनवर फूल वाहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं बापलेक सोनें घेऊन आले. आम्हीं सांगितलें, "दादा, ह्याच्यावर पोट भरतें, पण बारा महिने भरत नाहीं. आपल्या खाचरांत आंबेमोहोर होतो, म्हणून तुम्ही वर्षभर एका भातावर राहतां काय? कडेला नाचणी लावतां, म्हैस ठेवतां. तसेंच हें. त्यानें पुण्यास सकाळचें वाणिज्य महाविद्यालय धरावें, दुपारीं रियाज करावा. पदवी हातीं आली आणि सलग दोन वर्षें वहींतली जमा खर्चाहून अधिक दिसली, कीं मग काय सोडावयाचें तें त्यानें ठरवावें. कला आणि पोट यांची गांठ सरसानें जोडावी. पक्क्या डिंकानें नव्हे." मुलास सरसाची गोष्ट ठाऊक होती, तो खालीं पाहून हंसला. बापास ती ठाऊक नव्हती, पण नाचणीची समजली.

मुलास आणखी एक गोष्ट सांगावयाची होती, ती सांगतांना आमचा आवाज किंचित् कांपला. "आमच्याजवळचें देणें आतां संपलें आहे. पुण्यास आमच्याहून जाणता गुरु पाहून दिला आहे. पुढच्या रविवारपासून तिकडे जा." मुलानें पायांवर डोकें ठेविलें. ज्या शिक्षकास आपली हद्द कळत नाहीं, तो शिष्याचा काळ खातो. हें शाळेंत असतांना आम्हीं इतरांस पुष्कळदां सांगितलें होतें, स्वतःवर प्रयोग प्रथमच केला.

त्याच संध्याकाळीं आम्हीं आमचें तें तडकलेलें, दुरुस्त केलेलें, खोट्या चिठ्ठीचें व्हायोलिन पेटींत घातलें आणि पिरंगुटास त्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं नेऊन दिलें. तो घेईना. आम्हीं म्हटलें, "हें दान नव्हे, देणें आहे. २०१४ पासून थकलें आहे." शेवटीं त्याच्या पत्नीनें पेटी हातांतून घेतली व कपाटावर ठेविली. परवां ती बाजारांत भेटली. पेटी अजून कपाटावरच आहे, असें म्हणाली. मात्र दर रविवारीं तो ती खालीं काढतो, आंतल्या पुड्या बदलतो, तक्त्यावरून कोरडें फडकें फिरवितो आणि पुन्हां वर ठेवतो. तारा अजून चढविलेल्या नाहींत. आम्हीं विचारिलें, "गज ढिला ठेवतो ना?" ती म्हणाली, "हो, तेवढं मात्र दर वेळीं पाहतात." एवढ्यावर तूर्त आम्ही समाधान मानलें आहे.